संगणकाचं फडताळ आणि संगणकाचा माळा

मैत्रिणींनो, स्वयंपाकघर कसं लावावं हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं. तरी प्रत्येकीच्या ओट्याजवळ चहा-साखरेचे डबे असतात, मिसळणाचा डबा हाताशी असतो, आणि चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, पाहुण्यांसाठीची मोठी पातेली माळ्यावर असतात. सोऱ्या ओट्यावर ठेवला तर पोळपाटाला जागा उरायची नाही, आणि चहाचा डबा माळ्यावर ठेवला तर दिवसातून चारदा स्टुलावर चढावं लागेल. रोज लागतं ते हाताशी, सणावारी लागतं ते वर. एवढा साधा हिशेब.

आता आपल्या घरात साठवणीची आणखी एक जागा झाली आहे, ती म्हणजे मुलांचा संगणक. तिच्याकडे मात्र आपण बघत नाही. "ते पोरांचं, आपल्याला त्यातलं काय कळतंय!" असं म्हणून सोडून देतो. मग एके दिवशी पडद्यावर "जागा संपली" अशी पाटी येते आणि घरात आरडाओरडा सुरू होतो. मी काही शास्त्र शाखेची नव्हे. बी. ए. झाले, आठवड्यातले तीन दिवस शाळेत मराठी शिकवते, बाकी वेळ घर. पण हा विषय समजून घेतला तेव्हा लक्षात आलं की यात आपल्याला न येण्यासारखं काही नाहीच. हा तर साठवणीचाच प्रश्न आहे!

दोन जागा, दोन तऱ्हा

संगणकात सामान ठेवायच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक हार्ड डिस्क आणि दुसरी एसएसडी.

हार्ड डिस्क ही जुनी. पहिली हार्ड डिस्क आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन-दोन फुटी ५० तबकड्या होत्या आणि तेवढ्या मोठ्या धुडात आजच्या मोबाइलवरचे दोन फोटो जेमतेम मावले असते. आजची डिस्क तळहातावर मावते, पण आतली तऱ्हा तीच. ग्रामोफोनसारखी तबकडी गरगर फिरते आणि एक बारीक दांडी हवी ती जागा शोधून वाचते. तबकडीचे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे होतात. ऐकायला खूप वाटतं, पण दांडी योग्य जागी पोचून वाचायला लागेपर्यंत सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. एका फाइलला हे काहीच नाही. गेमला मात्र एका वेळी हजारो बारीकसारीक तुकडे लागतात: झाडं, भिंती, आवाज, माणसांचे चेहरे. दर तुकड्यागणिक दांडी इकडून तिकडे धावते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. आपल्या पेनड्राइव्हसारख्या चिपा असतात, फक्त कितीतरी वेगवान. हवा तो तुकडा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात हाती लागतो. म्हणजे शोधाशोधीत ती हार्ड डिस्कपेक्षा शंभरपट चपळ. सरळ एकच मोठी फाइल वाचायची असेल तर हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी देते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास, आणि एनव्हीएमई नावाची नवी पट्टी २,००० पासून ७,००० एमबीपर्यंत किंवा त्याहूनही जास्त.

मग सगळंच एसएसडीवर का ठेवू नये? कारण आपलं नेहमीचंच, पैसे! तेवढ्याच जागेला एसएसडी महाग पडते. म्हणून पुष्कळ घरांत २५६ जीबीची छोटी एसएसडी आणि सोबत ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी असते. एक लहान पण हाताशी असलेलं फडताळ आणि एक ऐसपैस पण शिडी लावून चढायचा माळा, असंच समजा ना.

आधी ओळख करून घ्या

आपल्याकडे एक गैरसमज हमखास असतो. सी म्हणजे एक डिस्क आणि डी म्हणजे दुसरी, असं धरून चालतात. पुष्कळदा दुकानदाराने एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून दिलेले असतात. एकाच खोलीत दोन पडदे लावल्यासारखे. अशा वेळी सी वरून डी वर गेम हलवला तर सी ला जागा मिळेल, वेग मात्र रतीभरही बदलणार नाही.

खरं काय ते पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात डावीकडे डिस्क ०, डिस्क १ असं दिसेल आणि खाली एसएसडी की एचडीडी तेही लिहिलेलं असेल. कोणती अक्षरं कोणत्या डिस्कची ते वहीत टिपून ठेवा. पुढचं सगळं काम या दोन ओळींवर अवलंबून आहे.

आणखी एक. डब्यावर ५०० लिहिलेलं असतं आणि संगणक ४६५ दाखवतो. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. बनवणारे १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक. २५६ चे २३८ दिसतात, १ टीबीचे ९३१. आपला हिशेब मात्र दिसणाऱ्या आकड्यावर करायचा.

आमच्या घरी काय झालं

आमचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान आहे. दुकानाचे हिशेब, माझ्या प्रश्नपत्रिका, थोरल्याचा अकरावीचा अभ्यास आणि त्याचे गेम, सगळं एकाच संगणकावर. फडताळ २५६ चं, माळा ५०० चा. जीएसटीचा रिटर्न भरायच्या दोन दिवस आधी हिशेबाचा प्रोग्रॅम अडून बसला. जागाच नाही! पाहतो तर थोरल्याचे दोन गेम मिळून १५० जीबी, आणि त्यातल्या एकाने रात्रीतून स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेतलेली.

हे संतापले. "सगळे गेम आत्ताच्या आत्ता काढून टाक!" झालं! थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. बाहेरच्या कुणाला वाटेल, गेम तर गेम, त्यात रडायचं काय? पण त्यातला मोठा गेम त्याने मोबाइलच्या नेटवर रोज थोडा थोडा करून दीड महिन्यात उतरवला होता, हे मी पाहिलं होतं. "मग हार्ड डिस्कवर हलवतो," तो म्हणाला. तिथेही जागा नव्हती. तेव्हा तो पटकन म्हणाला, "ते फोटो-व्हिडिओंचं फोल्डर काढतो की! १६० जीबी आहे. कुणी उघडत पण नाही."

त्या फोल्डरमध्ये माझ्या सासूबाई आहेत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. जात्यावर बसून त्या ओव्या म्हणायच्या, ते धाकट्या नणंदेने मोबाइलवर घेतलेलं आहे. मी काही बोलले नाही, नुसतं ते फोल्डर उघडून एक व्हिडिओ लावला. आवाज ऐकून हे दारातून परत आत आले. तिघंही गप्प उभे राहिलो. व्हिडिओ संपल्यावर थोरला म्हणाला, "आई, हे काढायचं नाही. दुसरं काहीतरी बघू."

आणि दुसरं काहीतरी निघालंच. माळ्यावर १४० जीबी नुसती रेकॉर्डिंगं होती. खेळताना पडद्यावरचं आपोआप टिपून ठेवायची सोय असते, ती चालू राहिली होती. रोजचा खेळ साठत गेला होता आणि त्यालाही पत्ता नव्हता. स्वतःच्या सर्वांत चांगल्या दहा त्याने निवडून ठेवल्या, बाकीच्या पुसल्या, सोय बंद केली. लहान गेम माळ्यावर हलवला. रिटर्न वेळेत भरला गेला.

हे सांगायचं कारण असं की "वापरत नाही ते काढा" हा नियम डब्याबाटल्यांना ठीक आहे. संगणकाला तो पुरा पडत नाही. तिथे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. रोज लागतं का? यावरून वस्तू कुठे ठेवायची ते ठरतं. पुन्हा मिळेल का? यावरून ती ठेवायची की नाही ते ठरतं. गेम रोज लागतो, पण पुन्हा मिळतो. सासूबाईंच्या ओव्या रोज लागत नाहीत, पण पुन्हा मिळायच्या नाहीत.

जागेचं अंदाजपत्रक

महिन्याच्या पगाराची पाकिटं करतो तशी जागेचीही करावीत. आमच्या वहीतलं अंदाजपत्रक देते. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

एसएसडीवर दिसणारी जागा २३८ जीबी. विंडोज आणि नेहमीचे प्रोग्रॅम ६०, दुकान आणि शाळेचं काम १८, मोकळी ठेवायची ४०. उरले १२०. म्हणजे एक मोठा गेम, नाहीतर दोन-तीन मध्यम. त्याहून जास्त नाही.

हार्ड डिस्कवर ४६५. घरचे फोटो-व्हिडिओ १६०, जुने कागद २०, मोकळी ६५. उरले २२०, ते विश्रांतीला पाठवलेल्या गेमना आणि रेकॉर्डिंगना.

मोकळ्या जागेवर हात मारू देऊ नका. पीठ मळायला परात मोठी लागते, तसं गेमला नवी आवृत्ती बसवताना जास्तीची जागा लागते. काही वेळा जवळजवळ गेमएवढीच. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की तिचाही वेग पडतो. दहा ते वीस टक्के जागा मोकळी असावी.

हे पाकीट मुलाच्या हातात दिलं की एक गंमत होते. "अमका गेम घेऊ का?" हा प्रश्न आईला विचारायचा राहतच नाही. १२० मध्ये बसतं का, ते त्याने पाहायचं. नवा आणायचा तर कोणता वर जाणार तेही त्यानेच ठरवायचं. कटकट निम्म्याने कमी!

फडताळात कोण, माळ्यावर कोण?

मुलं म्हणतात, "आई, एसएसडी घेतली की गेम भारी चालतो." इथे सावध राहा. चित्र किती सफाईदार हलतं हे मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्यावर असतं. एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो, एका प्रसंगातून दुसऱ्यात जायला थांबावं लागत नाही, आणि धावताना मध्येच अडखळत नाही. एवढंच, पण तेही थोडं नाही.

फडताळात ठेवायचे ते मोठ्या मोकळ्या जगाचे गेम, ज्यात खेळणारा घोड्यावरून किंवा गाडीतून कोसन् कोस फिरतो. रस्ता पुढे सरकेल तसा संगणक पुढचा मुलूख सतत वाचत असतो. हार्ड डिस्क मागे पडली की झाडं उशिरा उगवतात, भिंती पुसट दिसतात. शिवाय अलीकडचे काही गेम एसएसडीच मागतात. २०२३ साली आलेला 'स्टारफील्ड' १२५ जीबी आणि 'बाल्डर्स गेट ३' १५० जीबी जागा मागतो, तीही एसएसडीवर. 'सायबरपंक २०७७' हा २०२० साली आला तेव्हा हार्ड डिस्कवर चालेल असं सांगत होता. २०२३ मध्ये कंपनीने कमीत कमी गरजेतच एसएसडी घातली. म्हणून गेम विकत घ्यायच्या आधी त्याच्या पानावर स्टोरेज ही ओळ वाचायची सवय मुलांना लावा. आपण तेलाच्या पिशवीवरची तारीख वाचतो ना, तसंच.

माळ्यावर चालतात ते बुद्धिबळ, पत्ते, कोडी, सपाट चित्रांचे छोटे गेम आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे जुने. जुने गेम हार्ड डिस्कच्या काळातच तयार झाले, त्यांना तिथेच बरं वाटतं. एकदा गोष्ट पुरी झाली की पुन्हा सहसा न उघडणारे गेमही वरच जावेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला 'राजी' हा गेम २०२० साली संगणकावर आला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी त्यात नायिका आहे, मुलींनाही खेळायला द्यावा असा. तो खेळत असताना फडताळात ठेवावा, गोष्ट संपली की माळ्यावर.

गेम एवढे अवजड का होतात, याचं एक उदाहरण ऐकण्यासारखं आहे. 'हेलडायव्हर्स २' हा स्वीडनच्या अ‍ॅरोहेड कंपनीचा गेम. संगणकावर तो सुमारे १५४ जीबी खायचा. कारण काय, तर हार्ड डिस्कवाल्यांची दांडी दूर धावू नये म्हणून एकच सामान अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवलेलं. प्रत्येक खोलीत एकेक मिठाची बरणी ठेवावी तसं! पुढे तपासल्यावर दिसलं की गेम उघडायला लागणारा वेळ मुख्यतः दुसऱ्याच कामात जातो. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी दुबार सामान काढलेली आवृत्ती दिली, ती सुमारे २३ जीबीची. १५४ चे २३! तेव्हा घरात एखादा गेम फार जागा खात असेल तर त्याची हलकी आवृत्ती आली आहे का, किंवा नको असलेल्या भाषा आणि भाग वगळता येतात का, तेही पाहावं.

काढू नका, हलवा

जागा कमी पडली की मुलं गेम काढून टाकतात आणि महिन्याने तोच पुन्हा नेटवरून उतरवतात. हे म्हणजे गव्हाचं पोतं टाकून देऊन पुन्हा बाजारात जाण्यासारखं झालं. जरा आकडे मांडू. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या घरच्या ब्रॉडबँडवर उतरायला साडेपाच तासांहून जास्त लागतात, तेही नेट एकसारखं चाललं तर. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल रिचार्जवर पन्नास दिवस! तोच गेम एसएसडीवरून हार्ड डिस्कवर न्यायला, सेकंदाला १०० एमबी धरले, तर सतरा-अठरा मिनिटं. बारीक फाइली पुष्कळ असल्या तर अर्धा-पाऊण तास धरा. तरीही बघा फरक.

हलवताना वेग मात्र मंद डिस्कचाच मिळतो. आपल्या बार्शीकरांना हे समजावून सांगायला नको. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. मोठ्या लाइनीवरची गाडी कितीही जोरात येवो, कुर्डुवाडीला पोती उतरवून छोट्या डब्यात चढवावी लागत आणि पुढचा प्रवास छोट्या गाडीच्या चालीने. या शतकात रूळ रुंद झाले आणि ती उतरवाउतरव संपली. संगणकात अजून ती आहे. कितीही महागाची एसएसडी असो, माळ्यावर सामान चढवायला माळ्याची शिडी जेवढी तेवढाच वेग.

बाहेरून जोडायची डिस्क असेल तर ती कुठल्या खाचेत लावता तेही पाहा. जुन्या यूएसबी २ खाचेतून सेकंदाला ३०-४० एमबीच जातात. यूएसबी ३ ची खाच बहुधा आतून निळी असते, तीत लावा.

फोल्डर हाताने उचलून दुसरीकडे टाकू नका. गेम ज्या प्रोग्रॅममधून घेतला त्याला ते कळत नाही आणि तो गेम हरवला असं समजतो. 'स्टीम'मध्ये सोय सरळ आहे. आधी सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन हार्ड डिस्क जोडायची. मग गेमच्या नावावर उजवी कळ, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथे जागा बदलायचं बटण. मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घेतलेल्या पुष्कळ गेमना विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, अ‍ॅप्सच्या यादीतच हलवायची सोय असते. सुट्टी लागली की आवडता गेम खाली आणायचा, परीक्षा आली की वर चढवायचा. आमच्या घरी सहामाहीच्या आधी हा कार्यक्रम ठरलेला आहे. पुसून टाकला नाही म्हणून तोही कुरकुर करत नाही, आणि वर असल्यामुळे सारखा हात जात नाही.

जे परत मिळत नाही

गेम परत मिळतो, पण त्यातली मुलाची कमाई परत मिळेलच असं नाही. कुठपर्यंत पोचला, काय काय जमवलं, याची नोंद वेगळ्या छोट्या फाइलीत असते. तिला सेव्ह म्हणतात. ही फाइल बहुधा गेमच्या फोल्डरमध्ये नसतेच. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये, सेव्ह्ड गेम्समध्ये, नाहीतर अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. कित्येक गेमची सेव्ह कंपनीच्या क्लाउडवरही जाते, पण सगळ्यांची नाही. संगणक दुरुस्तीला देताना किंवा विंडोज नव्याने टाकताना या फाइली आधी उतरवून घ्या. त्या इतक्या लहान असतात की साध्या पेनड्राइव्हवर मावतात. दुरुस्तीवाला "सगळं साफ करून देतो" म्हणतो तेव्हा त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, पोराच्या खेळाचं एवढं काय? मला असं वाटतं, की आपण त्याच्या दोन वर्षांच्या खेळाची नोंद जपली, तर आपल्या आजीचा आवाज का जपायचा हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या वहीत "पुन्हा मिळणार नाही" या मथळ्याखाली दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या आहेत. पहिली ओळ माझ्या अक्षरात, दुसरी त्याच्या.

या यादीतलं काहीही एकाच डिस्कवर ठेवू नका. हार्ड डिस्क फिरणारं यंत्र आहे, कधीतरी बंद पडणारच. सासूबाईंचं ते फोल्डर मी बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवलं आणि ती डिस्क सोलापूरला जाऊबाईंकडे ठेवली. एका घरात काही झालं तरी दुसऱ्या घरात राहील. वर्षातून एकदा ती मागवून नवे फोटो त्यात घालायचे. मात्र अशा कामाला हार्ड डिस्कच घ्या. वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला एसएसडी योग्य नाही.

काही लहान सूचना

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, किंवा साधी फाइल उघडायला मिनिट लागू लागलं, तर आधी फोटो दुसरीकडे उतरवा, मग दुरुस्तीचं बघा.

संगणक चालू असताना त्याचा खोका हलवू नका, झाडताना कडेला ढकलू नका. तबकडी फिरत असते, धक्क्याने ओरखडा पडतो.

वीज अचानक जाण्याचा धोका दोन्ही डिस्कना असतो, लिहिणं अर्धवट राहिलं की फाइल बिघडते. छोटा यूपीएस असला की नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

हार्ड डिस्कला डीफ्रॅग केलेलं चालतं, एसएसडीला ते करू नये. विंडोज तिची निगा तिच्या पद्धतीने आपोआप राखतं.

"एसएसडी जास्त वापरली की झिजते," असं कुणी सांगेल. झिजते खरी, पण हिशेब करा. १ टीबीच्या पुष्कळ एसएसडींना सुमारे ६०० टेराबाइट लिहिण्यापर्यंत हमी असते. रोज १०० जीबीचा एक गेम नव्याने टाकला तरी सोळा वर्षं लागतील. तोवर पोरगं नोकरीला लागेल!

माळ्यावरच्या गेमना आपोआप नवी आवृत्ती घ्यायची परवानगी देऊ नका. उघडू तेव्हाच घे, असं सांगायची सोय असते. नेट वाचतं, जागाही वाचते.

आणि घरात अजून नुसती हार्ड डिस्कच असेल, तर पहिली एसएसडी गेमसाठी घेऊ नका, विंडोजसाठी घ्या. संगणक सुरू होण्यापासून हिशेबाच्या प्रोग्रॅमपर्यंत सगळ्यांनाच फायदा होतो. आपल्या संगणकात कुठल्या आकाराची बसते ते मात्र दुकानात जाण्याआधी विचारून घ्या.

तर मैत्रिणींनो, या रविवारी दुपारची भांडी आवरली की वही-पेन घेऊन मुलाशेजारी जाऊन बसा. "बंद कर ते" म्हणायला नको, आणि काही शिकवायलाही नको. "यातलं रोज काय लागतं आणि पुन्हा न मिळणारं काय आहे, ते मला दाखव," एवढंच म्हणा. दोन रकाने आखा. पहिल्या रकान्यात तो भराभर नावं सांगेल. दुसऱ्या रकान्यापाशी थोडा थांबेल, विचार करेल. तेवढा वेळ त्याला द्या.